नळीच्या टोकावरचा समजूतदार

दिसायला तो अगदी साधा. वीतभर लांबीची, दीड-पावणेदोन इंच जाडीची काळपट नळी. त्याला चाप नाही, घोडा नाही, दस्ता नाही. टेबलावर नुसता ठेवला तर अनोळखी माणसाला तो कुठल्या तरी यंत्राचा सुटा भाग वाटेल. हातात घेतला की वजनावरून कळते, आत बरेच काही दडले आहे. एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकाला गोळी जाण्यापुरते भोक, आणि मधे एकामागून एक रचलेले धातूचे पडदे. हा रायफलचा सप्रेसर.

आपल्याकडे त्याची ओळख झाली ती पडद्यावर. खलनायक खिशातून पिस्तूल काढतो, त्याच्या तोंडाला शांतपणे एक नळी फिरवून बसवतो, हलकासा ‘फुस्स’ होतो आणि समोरचा माणूस कोसळतो. शेजारच्या खोलीतल्यांना पत्ताही लागत नाही. या प्रसंगाने त्याच्यावर जन्माचा शिक्का मारला. खऱ्या आयुष्यात तो असा वागत नाही, त्याला तसे वागता येतही नाही. मला तो आवडतो त्याच्या धीरासाठी. नळीतून सुटलेल्या बेभान ताकदीला तो अडवत नाही, फक्त थोडे थांबायला लावतो. त्याचा सगळा स्वभाव या थांबवण्यातून समजतो, आणि पहिला सप्रेसर निवडणाऱ्याने आधी हा स्वभावच समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

काडतुसातली दारू पेटली की गोळीच्या मागे तापलेल्या वायूचा लोट तयार होतो. गोळी नळीच्या तोंडातून सुटते त्या क्षणी हा लोट दर चौरस इंचाला हजारो पौंडांच्या दाबाने बाहेरच्या मोकळ्या हवेवर आदळतो. कानठळ्या बसवणारा बार तो हाच. सप्रेसर या लोटाला बाहेर पडण्याआधी स्वतःच्या पोटात घेतो. मोठ्या वाड्यातली गर्दी एकदम रस्त्यावर न येता एकेक चौक ओलांडत देवडीपर्यंत यावी, तसा वायू एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जातो. प्रत्येक पडद्याशी तो वळतो, पसरतो, थोडी उष्णता धातूला देतो. शेवटच्या भोकातून बाहेर येईपर्यंत त्याचा आवेश बराच ओसरलेला असतो. हे सगळे घडायला लागतात सेकंदाचे काही हजारांश. तेवढ्या उसंतीवर त्याचे भागते.

या उसंतीची किंमत कानाला विचारावी. ५.५६ किंवा .३०८ काडतुसाच्या रायफलचा उघडा बार नळीच्या तोंडाशी सुमारे १६५ डेसिबलचा असतो. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमांनी क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. चांगला सप्रेसर या बारातून २५ ते ३० डेसिबल काढून घेतो. आकडा ऐकायला लहान वाटतो, पण हे मोजमाप साध्या बेरजेचे नाही. ३० डेसिबल कमी होणे म्हणजे आवाजाचा दाब तीसपटीहून खाली येणे. माणसाच्या प्रत्येक आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उघड्या कानावर पडलेला एकच बार त्यांतल्या काही कायमच्या मारू शकतो. मग रात्रीच्या शांततेतही कानात शीळ वाजत राहते. अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेल्यांना सेवेमुळे आलेल्या व्याधींसाठी भरपाई मिळते, त्या व्याधींच्या यादीत कानातल्या या शिळेचा नंबर वरचा आहे.

त्याचा जन्मही कानाच्या दुखण्याच्या घरातला. हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम या अमेरिकी संशोधकाने १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये आपोआप चालणारी मशीनगन तयार केली. साम्राज्यांच्या लढाया तिने बदलून टाकल्या, तिच्या निर्मात्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. पण तिच्या चाचण्यांच्या धडाक्यात वर्षानुवर्षे राहून त्याचे स्वतःचे कान गेले. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. एमआयटीत शिकलेला, मोटारगाड्यांच्या सुरुवातीच्या काळात त्यांवर काम केलेला, पुढे १९१४ मध्ये हौशी रेडिओवाल्यांची अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी करणारा. ३० मार्च १९०९ रोजी या मुलाला बंदुकीचा आवाज कमी करणाऱ्या नळीचे पेटंट मिळाले. वापरलेला वायू गोल फिरत ठेवायचा आणि सावकाश बाहेर सोडायचा, ही त्यामागची कल्पना. त्याच्या कंपनीने हेच तत्त्व इंजिनांच्या धुराड्यांनाही लावले. पुण्या-मुंबईत पोलीस बदललेले कर्णकर्कश सायलेन्सर रोलरखाली चिरडतात, तेव्हा रस्त्यावरच्या मोटारसायकलीला शांत ठेवणारा जो मूळ सायलेन्सर त्यांना परत हवा असतो, तो या नळीचा भाऊबंदच. बापाने जगाला ज्या आवाजाने दणाणून सोडले, त्या आवाजाला मुलाने धीर शिकवला. एका घरातल्या दोन पिढ्यांत एवढे अंतर पडावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

त्याच्याबद्दल मला आदर वाटतो तो आणखी एका कारणाने: तो आपल्या मर्यादेबाहेरचे वचन देत नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ५.५६ ची गोळी ९०० मीटरच्या आसपास वेगाने निघते. आवाजाला मागे टाकून जाणारी गोळी वाटभर हवा फाडत जाते आणि तिचा कडाका रानात दूरपर्यंत ऐकू येतो. नळीच्या टोकावर बसलेल्याचा त्या गोळीवर काही अधिकार नसतो, ती त्याच्या हातून केव्हाच सुटलेली असते. .३०० ब्लॅकआउटसारख्या काडतुसात जड गोळी मुद्दाम सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास ठेवतात. तिथे तो खरोखर हळू बोलतो. पण तशी गोळी दूरच्या सावजासाठी फारशी उपयोगाची नाही. म्हणून साध्या रायफलवर सप्रेसर असला तरी जाणते नेमबाज कानांत बोळे घालतात. तो बार सहन करण्याजोगा करतो, सगळे संरक्षण आपल्या अंगावर घेत नाही. ज्याला सिनेमातला ‘फुस्स’ हवा आहे त्याने तो घेऊ नये. त्याची निराशा ठरलेली आहे.

आता निवडीकडे येतो. अमेरिकेत रायफल स्वतःच्या हाताने जुळवण्याची हौस मोठी आहे. एआर-१५ घराण्यातली रायफल तर सुट्या भागांतूनच उभी राहते: लोअर, अपर, बोल्ट, नळी, हँडगार्ड, दस्ता. बहुतेक लोक हे सगळे जमवून झाल्यावर शेवटी सप्रेसरकडे वळतात. माझे आग्रहाचे म्हणणे असे की त्याचा विचार नळी विकत घेण्याआधी करावा. नळी किती लांब, तिच्या टोकाला कुठले आटे, वायू मागे नेणारे भोक किती मोठे, हँडगार्ड कुठे संपणार, या सगळ्यांचा त्याच्याशी संबंध येतो. शेवटी आलेल्या पाहुण्यासारखे त्याला कोपऱ्यात बसवले की तो आणि रायफल दोघेही अवघडतात.

जाणता दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो असा: “कशाकशावर लावणार?” गिऱ्हाईक बहुधा एकाच रायफलचे नाव सांगते. दुकानदार थोडे थांबतो आणि म्हणतो, “आज एक आहे. उद्या?” या एका प्रश्नात पहिल्या निवडीचे निम्मे शहाणपण आहे. ५.५६ साठी बनवलेल्या सप्रेसरच्या भोकातून .३०८ ची गोळी जाणार नाही, तसा प्रयत्न केला तर तो फुटेल आणि माणूसही जखमी होईल. उलट .३० कॅलिबरचा सप्रेसर ५.५६ वर खुशाल चालतो. भोक मोठे असल्याने आवाज थोडा जास्त निसटतो, एवढाच तोटा. हरणाच्या शिकारीची बोल्ट-ॲक्शन, डुकरांसाठीची .३०० ब्लॅकआउट आणि मैदानावरची ५.५६, अशा तिन्ही रायफलींवर एकच सप्रेसर आलटून पालटून बसतो. म्हणून पहिल्या वेळी .३० घ्या, हा अनुभवी लोकांचा सल्ला मला पटतो. मात्र ज्याच्या हातात मुख्यतः .२२ ची छोटी रायफल आहे त्याचे गणित वेगळे. त्या काडतुसातून शिसे आणि काजळी फार सुटते. .२२ चा सप्रेसर उघडून धुता यायला हवा. रायफलचे मोठे सप्रेसर बहुधा कायमचे जोडून बंद केलेले असतात, तिथे तीच काजळी आत साठत जाते.

दुसरा प्रश्न धातूचा. इथे त्याची मिजास दिसते. टायटॅनियमचा सप्रेसर हलका, तीन-चारशे ग्रॅमांत भागतो. डोंगर चढत दिवसभर रायफल खांद्यावर वागवणाऱ्याला हे वजन महत्त्वाचे, कारण ते नळीच्या अगदी टोकाला असते आणि तिथला प्रत्येक ग्रॅम हाताला जाणवतो. पण टायटॅनियम फार तापले की त्याची ताकद उतरते, जलद गोळीबारात त्यातून ठिणग्याही उडतात. १७-४ जातीचे पोलाद, इन्कोनेल ७१८ सारखा निकेलचा मिश्रधातू, किंवा स्टेलाइट हा कोबाल्टचा कणखर मिश्रधातू ताप सोसतात, पण वजन पाचशे ग्रॅमांच्या वर जाते. दिवसभरात दोन-चार बार काढणाऱ्या शिकाऱ्याने पोलादाचा भार का वाहावा? आणि मैदानावर मॅगझिनमागून मॅगझिन रिकामे करणाऱ्याने टायटॅनियमवर अन्याय का करावा? आपण रायफल कशी चालवतो याचे उत्तर स्वतःला खरे खरे दिले की धातू आपोआप ठरतो. बनवणाऱ्याने सांगितलेली नळीची किमान लांबीही इथेच पाहावी. नळी जितकी आखूड, तितका तिच्या तोंडाशी वायूचा दाब जास्त, आणि तो सगळा पहिल्या पडद्यावर आदळतो.

तिसरा प्रश्न श्वासाचा. सप्रेसर वायूला थांबवून धरतो म्हणून काही वायू उलटाही येतो. बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये याचा त्रास नसतो, बोल्ट हाताने उघडेपर्यंत सगळे शांत झालेले असते. एआर-१५ मध्ये मात्र नळीतला थोडा वायू मागे नेऊनच बोल्ट चालतो. सप्रेसर बसला की हा वायू जास्त आणि जास्त वेळ येतो. बोल्ट गरजेपेक्षा जोरात मागे जातो, आतले भाग लवकर झिजतात, आणि जळलेल्या दारूचा झोत चेहऱ्यावर येऊन डोळे चुरचुरतात. याला उपाय आहेत. वायूचे प्रमाण स्क्रूने कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक बसवावा, जड बफर घालावा, किंवा वायूला पुढच्या दिशेने वाट करून देणारा नव्या धाटणीचा सप्रेसर घ्यावा. पण हे रायफल जुळवतानाच केले तर सोपे. म्हणूनच त्याचा विचार आधी करा, असे मी म्हणतो.

चौथा प्रश्न तो बसणार कसा. दोन पद्धती आहेत. एक म्हणजे नळीच्या आट्यांवर सरळ फिरवून बसवायचा. ५.५६ साठी बहुधा १/२-२८ आटे आणि .३० साठी ५/८-२४. ही पद्धत सोपी, हलकी, स्वस्त, पण गोळीबार चालू असताना तो सैल पडत नाही ना यावर लक्ष ठेवावे लागते. दुसरी म्हणजे नळीवर कायम एक अडॅप्टर ठेवायचा आणि सप्रेसर त्याच्यावर चटकन अडकवायचा. अनेक रायफलींवर एकच फिरवायचा असेल तर ही सोय मोठी. गेल्या काही वर्षांत बऱ्याच बनवणाऱ्यांनी सप्रेसरच्या मागच्या बाजूला १.३७५-२४ चे एकसारखे आटे द्यायला सुरुवात केली आहे. त्यामुळे एकाचा सप्रेसर आणि दुसऱ्याचे अडॅप्टर जुळते, आज केलेल्या निवडीत आपण कायमचे अडकत नाही. पहिल्या खरेदीत याकडे जरूर पाहावे. आणि कुठलीही पद्धत असो, नळीचे आटे भोकाशी अचूक समकेंद्री हवेत. ते केसभर वाकडे असले तरी गोळी पडद्याला घासते आणि एका बारात सगळा सप्रेसर बरबाद होतो. म्हणून पहिल्या बाराआधी, रायफल रिकामी आहे याची खात्री करून, नळीतून सरळ पोलादी दांडी घालून ती सप्रेसरच्या भोकाच्या मधोमध येते की नाही हे पाहतात. दोन मिनिटांचे काम. ते टाळू नये.

बाकीचे त्याचे स्वभाव सोबतीनेच कळतात. थंड असताना पहिला बार थोडा मोठा वाजतो, कारण पोटातल्या हवेत प्राणवायू असतो आणि उरलेली दारू तिथे पेटते. दहा-पंधरा बार झाले की त्याच्यावरून उठणारी गरम हवा दुर्बिणीतले लक्ष्य थरथरवते. तेव्हा त्याला हात लावू नये, चांगलाच भाजतो. तो बसवला की गोळी लागण्याची जागा थोडी सरकते, म्हणून त्याच्यासकटच नेम साधून घ्यावा. पण मोबदल्यात तो खांद्यावर बसणारा धक्काही कमी करतो. नवशिक्याचे डोळे बाराच्या भीतीने मिटायचे थांबतात. शिकारीत शेजारच्या सोबत्याची हाक ऐकू येते, जवळच्या कुत्र्याच्या कानावर अत्याचार होत नाही. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये शिकाऱ्यांच्या रायफलींवर तो सर्रास दिसतो, न्यूझीलंडमध्येही. या देशांनी त्याच्याकडे कानाची आणि शेजाऱ्याची काळजी घेणारा म्हणून पाहिले.

अमेरिकेने बराच काळ वेगळे पाहिले. १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला तो टोळीयुद्धांच्या काळात, मशीनगनांना आवर घालायला. सप्रेसरलाही त्यात ओढले गेले. त्याच्या प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलरचा कर बसला. मंदीच्या दिवसांत ही रक्कम वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट होती. पुढे नव्वद वर्षे हा आकडा बदलला नाही. बोटांचे ठसे, छायाचित्र, पार्श्वभूमीची तपासणी, आणि मग परवानगीची वाट. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती आठ-दहा महिने, कधी त्याहून जास्त चालायची. ऑनलाइन अर्ज सुरू झाल्यावर ती खूप कमी झाली. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून कर शून्यावर आला. नोंदणी आणि तपासणी मात्र कायम राहिली. ४२ राज्यांत सामान्य नागरिकाला तो घेता येतो. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय यांच्यासह आठ राज्यांत येत नाही. तिथल्या मराठी कुटुंबांनी हे पक्के लक्षात ठेवावे, कारण राज्याची सीमा ओलांडली की कायदेशीर वस्तू बेकायदा होते. भारतात तर शस्त्र नियमांनी आवाज कमी करणारे साधन निषिद्ध गोष्टींतच ठेवले आहे. इथल्या परवानाधारकाने त्याचा विचारही करू नये.

नोंदणी राहिली याचे मला वाईट वाटत नाही. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच शहरात एका हल्लेखोराने १२ जणांचे प्राण घेतले, आणि त्याच्या एका पिस्तुलावर सप्रेसर लावलेला होता. त्या दिवशी त्याचा धीर एका क्रूर माणसाच्या हाती लागला होता. ज्याला मी समजूतदार म्हणतो तो कुणाच्या हातात जातो हे समाजाला ठाऊक असलेच पाहिजे. कानाची काळजी घेणाऱ्या माणसाला ठसे द्यायला आणि थोडे थांबायला कसली अडचण? थांबणे हाच तर या नळीचा सगळा गुण.

म्हणून पहिला सप्रेसर घेणाऱ्याला मी एवढेच सांगेन. सर्वात शांत कोणता, सर्वात हलका कोणता, या शर्यतीत पडू नका. कागदावरच्या दोन-तीन डेसिबलच्या फरकाने कान वाचत नाहीत. कान जातात ते तो घरी राहिला त्या दिवशी, ‘एकच बार तर काढायचा आहे’ म्हणून तो न लावता चालवलेल्या रायफलमुळे. जो जड म्हणून काढून ठेवाल, अडकवायला किचकट म्हणून पेटीत ठेवाल, तापतो म्हणून टाळाल, तो कितीही शांत असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही. मध्यम लांबीचा, .३० कॅलिबरचा, बसवायला सोपा, तुमच्या वापराचा ताप सोसणारा घ्या. त्याच्यासाठी नळी आणि गॅस ब्लॉक आधीपासून नीट निवडा. मग तो रायफलवरून उतरवावासा वाटणार नाही, आणि पुढच्या प्रत्येक बाराला तो तिथे असेल.